ई-स्केटबोर्डचा मोटर कंट्रोलर पुन्हा पुन्हा जातोय? तिसरा मागवण्याआधी हे तपासा

कंट्रोलर बदलला, काही दिवस बोर्ड झकास पळाला आणि परत तेच. जोर दिला की एक झटका, क्षणभर मोटर सैल, मग पुन्हा चालू. असं काही वेळा झालं की एके दिवशी कंट्रोलर कायमचा गप्प. नाशिकमध्ये घरी बोर्ड बांधणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांची तक्रार हीच असते आणि तोवर त्यांनी पुढचा कंट्रोलर मागवलेलाही असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एकाच बोर्डवर दुसऱ्यांदा कंट्रोलर गेला, तर दोष कंट्रोलरच्या बाहेर आहे असं धरून चाला. मोटरची वायर, बॅटरीची वायर, बीएमएस (बॅटरीच्या सेलची राखण करणारं सर्किट), एखादं सेटिंग, यांपैकी कुणीतरी त्याला मारतंय. ते सापडेपर्यंत तिसरा बसवू नका. पैसे तर जातातच, पण मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. या बोर्डला दुसरा ब्रेक नसतो. पळवतो तोही कंट्रोलर आणि थांबवतो तोही कंट्रोलरच. उतारावर तो गेला की हाती काहीच राहत नाही.

खालचं सगळं व्हेस्क प्रकारच्या कंट्रोलरला धरून लिहिलंय. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी हे डिझाइन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून त्याचे सर्किट नकाशे कुणालाही बघता येतात आणि म्हणूनच दुरुस्तीही करता येते. तुमच्याकडे लॅपटॉप न जोडता येणारा बंद डब्यातला कंट्रोलर असेल, तर फॉल्ट वाचण्याचा भाग सोडा. मोजमापाचा भाग जसाच्या तसा लागू आहे.

बंद पडतो म्हणजे नक्की कसा?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि उत्तर हमखास "बंद पडतो" एवढंच मिळतं. नीट आठवा. बोर्डवरचे दिवेसुद्धा गेले, सगळंच मेलं, तर कंट्रोलरपर्यंत वीजच पोचली नाही. बीएमएसने तोडलं असेल किंवा मुख्य स्विच अथवा कनेक्टर सुटला असेल. दिवे चालू होते, मोटर सैल झाली आणि थोड्या वेळाने आपोआप परत आली, तर कंट्रोलरने स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतलाय. तो फॉल्ट. जोर हळूहळू कमी होत गेला, झटका बसलाच नाही, तर तापमानाची किंवा बॅटरी उतरल्याची मर्यादा लागली. व्हेस्कमध्ये मॉस्फेट (मोटरचा करंट तोडणारे-जोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) ८५ अंशांवर गेले की मूळ सेटिंगप्रमाणे करंट कमी व्हायला लागतो आणि १०० अंशांना पूर्ण बंद होतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, डेकखालचा डबा बंद, वर रस्त्याची धग, तेव्हा हे होणारच. त्याला उपाय ॲल्युमिनियमची मोठी पट्टी आणि थर्मल पेस्ट. त्यासाठी कंट्रोलर बदलायची गरज नाही.

चौथा प्रकार रिमोटचा. सिग्नल तुटला की मोटर सैल होते आणि माणूस कंट्रोलरला दोष देतो. रिसीव्हरचा ॲन्टेना कार्बन फायबरच्या डेकखाली किंवा बॅटरीच्या पोटाशी दाबला गेला असेल तर आधी तो बाहेर काढा. बोर्ड उलटा ठेवून चाकं फिरवत रिमोट हातात घेऊन वीसेक पावलं लांब जा, लगेच कळेल.

इथून पुढे मी दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय. झटका, मग सैल, मग परत चालू.

पॉवर बंद करू नका, आधी फॉल्ट वाचा

बोर्ड अडखळला की पहिला हात स्विचकडे जातो. तिथेच सगळा पुरावा पुसला जातो. व्हेस्क आपल्या चुकांची नोंद ठेवतो, पण ती नोंद पॉवर जाईपर्यंतच असते. म्हणून बोर्ड चालूच ठेवा, तसाच घरी आणा, लॅपटॉप लावा आणि व्हेस्क टूल या त्याच्या सॉफ्टवेअरच्या टर्मिनलमध्ये 'फॉल्ट्स' ही कमांड इंग्रजीत टाइप करा. जेवढे फॉल्ट झाले तेवढे सगळे दिसतील. प्रत्येकासोबत त्या क्षणीचा करंट, व्होल्टेज, ड्यूटी (मोटरला बॅटरीच्या व्होल्टेजचा किती हिस्सा मिळत होता ते), वेग आणि तापमानही.

लॅपटॉप जवळ नसेल तर लाल दिवा मोजा. फॉल्टचा जो क्रमांक तेवढ्या वेळा तो लुकलुकतो. एकदा म्हणजे व्होल्टेज जास्त, दोनदा म्हणजे कमी, तीनदा म्हणजे डीआरव्ही, चारदा म्हणजे करंट कमाल मर्यादेच्या पलीकडे गेला, पाचदा म्हणजे मॉस्फेट तापले, सहादा म्हणजे मोटर तापली.

सगळ्यांना घाबरवणारा फॉल्ट तिसरा. डीआरव्ही ही मॉस्फेटना चालू-बंद करणारी चिप. जुन्या चौथ्या पिढीच्या व्हेस्कवर डीआरव्ही ८३०२ असते, सहाव्या पिढीवर ८३०१. मॉस्फेटमधून नको तेवढा करंट जातोय असं दिसलं किंवा तिची स्वतःची वीज डगमगली की ती हात वर करते. एकदा तीन लुकलुक दिसले म्हणजे चिप जळली असं नव्हे. पुष्कळदा ती जिवंत असते आणि बाहेर कुठेतरी शॉर्ट होतंय हे सांगत असते. ऐकलं नाही तर मग ती खरंच जळते.

फॉल्टसोबतचे आकडे वाचायची सवय लावा. व्होल्टेज ठणठणीत, तापमान चाळीसच्या घरात, वेग कमी, करंट मध्यम आणि तरीही डीआरव्ही? मग ताप नाही, बॅटरीही नाही. मोटरच्या तीन वायरींकडे बघा. व्होल्टेज नेहमीपेक्षा बरंच वर आणि तुम्ही ब्रेक मारत होतात? मग बीएमएसकडे बघा. जोर देताच व्होल्टेज कोसळलं? मग बॅटरी किंवा कनेक्टर.

कंट्रोलर जिवंत आहे का, ते मल्टीमीटर सांगेल

बॅटरी काढा. कपॅसिटर रिकामे व्हायला मिनिटभर द्या. मोटरच्या तिन्ही वायरी सोडवा, हे फार महत्त्वाचं, कारण मोटर जोडलेली असेल तर तिन्ही फेज, म्हणजे याच तीन वायरी, तिच्या गुंडाळ्यांतून एकमेकांना जोडलेले असतात आणि एक जळालेला असला तरी तिन्ही सारखेच दिसतात. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. या बॅटरीने शॉर्ट झालं तर धातू वितळतो.

मल्टीमीटर डायोडवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, काळं टोक एकेका फेजला. प्रत्येक वेळी ०.४ ते ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. मग उलट बाजू. काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि लाल एकेका फेजला. पुन्हा तसाच आकडा. म्हणजे सहा मॉस्फेटांची सहा मापं. ती एकमेकांशी जुळली पाहिजेत, नेमका आकडा कितीही असो. एखाद्या ठिकाणी शून्याजवळ आला आणि बीप वाजली, तर तो मॉस्फेट शॉर्ट झालाय.

घरात उपकरणं नसतानाही एक चाचणी होते. मोटर जोडलेली, बॅटरी काढलेली, चाक हाताने फिरवा. सुरळीत फिरलं तर बरं. अडकत अडकत, दात मोजत फिरलं तर कुठलेतरी दोन फेज एकमेकांना चिकटलेत. आता मोटरच्या वायरी सोडवून पुन्हा फिरवा. मोकळं झालं तर शॉर्ट कंट्रोलरमध्ये आहे. तरीही अडकत असेल तर मोटरच्या आत.

सहाही मापं जुळली, चाक मोकळं फिरतंय आणि तरी चालवताना डीआरव्ही येतोय, तर अभिनंदन. कंट्रोलर अजून वाचलाय आणि खरा गुन्हेगार शोधायला वेळ आहे.

मखमलाबादचा बोर्ड

या प्रकारातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मखमलाबादच्या एका डिप्लोमाच्या मुलाच्या बोर्डचं आहे. दोन मोटरी, १९० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे), प्रत्येकीला स्वतंत्र व्हेस्क, बॅटरी दहा सेल सिरीजमधली. आधी डावा कंट्रोलर गेला. नवा बसवला. मग उजवा गेला. त्याचं मत पक्कं झालं होतं की मालच खराब.

मला तिथेच शंका आली. एकाच बाजूचा दोनदा गेला असता तर त्या बाजूची मोटर पकडली असती. दोन्ही बाजूंचे आळीपाळीने गेले म्हणजे दोघांना जोडणारं काहीतरी आहे. त्याला विचारलं, "नेमका कुठे जातो?"

"दादा, प्लॉटिंगच्या गेटपाशी. तिथे रस्ता जरा खराब आहे."

"गेटपाशी तू वळतोस का?"

"हो, डावीकडे. पण दादा, वळण्याचा काय संबंध?"

संबंध होता. स्केटबोर्ड वळतो तो अंगाच्या तोलावर. आपण झुकलो की चाकांचा आस धरणारा ॲल्युमिनियमचा हँगर तिरका होतो आणि त्याच्यावर कसलेल्या मोटरी त्याच्यासोबत तिरक्या होतात. डब्यातून आलेल्या मोटरच्या वायरी मात्र डेकला बांधलेल्या. म्हणजे प्रत्येक वळणावर त्या वायरी मोटरच्या तोंडाशी थोड्या ओढल्या जातात, थोड्या घासतात. कंटिन्युइटीवर मल्टीमीटर लावला, एक टोक हँगरवर आणि दुसरं उजव्या मोटरच्या फेजवर. सरळ बीप. मोटरच्या बुडातून वायर बाहेर येते त्या भोकाच्या धारेवर कव्हर कापलं गेलं होतं आणि आतली तार धातूला टेकली होती. डाव्या मोटरला काहीच नाही. मग त्याला बोर्डवर उभं करून डावीकडे झुकायला सांगितलं. बीप. सरळ झाला, बीप बंद.

एकाच मोटरची एकच फेज बॉडीला टेकली तर तुम्हाला काहीही जाणवणार नाही. हँगर बॅटरीला कुठेच जोडलेला नसतो, करंटला परत यायला वाटच नसते, बोर्ड मजेत चालतो. उजवी मोटर किती महिने तशी चालली असेल कोण जाणे. पण दोन्ही मोटरी एकाच ॲल्युमिनियमवर कसलेल्या आणि दोन्ही कंट्रोलर एकाच बॅटरीवर. डावीचीही फेज टेकली की दोघींच्या फेज हँगरमधून थेट जोडल्या जातात आणि एका कंट्रोलरच्या वरच्या मॉस्फेटमधून दुसऱ्याच्या खालच्या मॉस्फेटमधून शॉर्ट होतं. ज्याचा मॉस्फेट आधी दम तोडेल तो जातो. म्हणून कधी डावा, कधी उजवा.

धातूच्या भागाला रंगाचा थर आहे, ॲनोडाइज्ड आहे, म्हणून बीप येणार नाही अशी समजूत करून घेऊ नका. स्क्रू तो थर फोडूनच आत जातात. तपासताना टोक उघड्या स्क्रूवर टेकवा. आणि बोर्ड निवांत पडलेला असताना एकदा तपासून समाधान मानू नका. वायरी हलवा, ओढा, हँगर दोन्हीकडे झुकवा, आणि जमलं तर चालवून मोटर गरम असताना पुन्हा करा. मोटर थंड असताना न दिसलेला स्पर्श तेव्हा दिसू शकतो.

सातपूर-अंबडला कटिंग करून घेतलेल्या मोटर माउंटच्या कडा बहुतेक वेळा तशाच धारदार असतात. मशीनवरून उतरलेला भाग थेट बोर्डवर जातो. बारीक कानस घेऊन भोकाची आणि कडांची धार मोडा, बोट फिरवून बघा. वायरीवर आधी हीट श्रिंक, त्याच्यावर फायबरग्लासची स्लीव्ह घाला, मोटरच्या तोंडाशी सिलिकॉनचा थेंब भरा आणि हँगर पूर्ण झुकला तरी वायर ताणली जाणार नाही एवढा वळसा ढिला सोडा. वायर हँगरला एका ठिकाणी आणि डेकला एका ठिकाणी बांधा, मधला भाग मोकळा. त्या मुलाच्या बोर्डवर एवढंच केलं. कंट्रोलर तोच राहिला.

रीवाइंडिंगवाल्यांकडे मेगर असतो, त्यावर इन्सुलेशन बघून घ्यावं असं कुणी सुचवेल. हॉल सेन्सर (मोटर कुठल्या कोनात आहे ते कंट्रोलरला सांगणारे) असलेल्या मोटरला मी ते करू देत नाही. मेगर शेकडो व्होल्ट सोडतो आणि सेन्सर बिचारे पाच व्होल्टचे. मल्टीमीटरचा सगळ्यात वरचा ओहम आणि हाताने हलवणं यांत काम होतं.

एक पुढची पायरीही इथेच सांगतो. शॉर्ट सापडला नाही तर फेजचे सांधे बघा. या मोटरींच्या तारेवर वार्निशचा थर असतो. तो पूर्ण न खरवडता, न जाळता सोल्डर केलं तर काही तारा जोडल्या जातात, काही नुसत्या चिकटलेल्या दिसतात. मल्टीमीटरला तो फरक कळत नाही, कारण गुंडाळीचा रोध काही मिलिओहमच असतो. कंट्रोलरला मात्र कळतो. व्हेस्क टूलमध्ये मोटर डिटेक्शन चालवलं की तो रोध मोजून दाखवतो. दोन सारख्या मोटरींचे आकडे शेजारी ठेवा. एकीचा ठळकपणे जास्त आला तर तिच्या बुलेट कनेक्टरवर आणि सांध्यांवर संशय घ्या, सांधा कापून नव्याने करा.

बॅटरीच्या लांब वायरी

डेकच्या पुढच्या टोकाला बॅटरी आणि मागच्या टोकाला कंट्रोलर, ही रचना दिसायला सुटसुटीत वाटते. पण कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतो-जोडतो. लांब वायरीला तो एकाएकी थांबलेला करंट मानवत नाही आणि दर वेळी व्होल्टेजचा एक टोकदार उसळा कंट्रोलरच्या तोंडावर बसतो. तो झेलायला कपॅसिटर असतात. वायर जितकी लांब, तितकं त्यांचं काम जास्त, तितके ते तापतात. वरचा पत्रा फुगलेला किंवा बुडाशी चिकट डाग दिसला तर कपॅसिटर गेले असं समजा. पुढचा बळी मॉस्फेटचा.

इथे दहा सेल आणि बारा सेलमधला फरक महत्त्वाचा ठरतो. जुन्या व्हेस्कमधली डीआरव्ही चिप आणि मॉस्फेट ६० व्होल्टचे. दहा सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट, म्हणजे उसळ्यांना अठरा व्होल्टची जागा. बारा सेलची ५०.४, म्हणजे दहाही व्होल्ट उरत नाहीत. बारा सेलवर पळणारे बोर्ड मी पाहिलेत, पण त्यांच्या वायरी आखूड होत्या.

शक्य असेल तर बॅटरीपासूनची वायर आखूड करा आणि मोटरची लांब चालेल. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वेगवेगळ्या कडांनी न नेता एकमेकींना पिळून न्या. आखूड होणारच नसेल, तर आरसी विमानं उडवणाऱ्यांचा जुना नियम पाळा. वाढीव दर दहा सेंटिमीटरला २२० मायक्रोफॅरडचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला), ६३ व्होल्टचा कपॅसिटर, तोही कंट्रोलरच्या अगदी तोंडाशी.

बारा सेलच्या बोर्डांचा आणखी एक हिशेब. १९० केव्हीची मोटर ५०.४ व्होल्टवर मिनिटाला सुमारे ९,५७६ फेरे घेते. चौदा चुंबकांच्या मोटरीत सात जोड्या, म्हणून विद्युत फेरे ६७ हजारांच्या वर. जुन्या व्हेस्कसाठी ६० हजारांची मर्यादा पाळायला सांगतात. दहा सेलवर हाच गुणाकार ५६ हजारांच्या आत राहतो. बारा सेलवर मोकळ्या चाकाने पूर्ण वेग काढून गंमत दाखवणाऱ्यांचे कंट्रोलर का जातात, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

भरलेली बॅटरी आणि उतार

जुन्या नाशकातून गोदावरीकडे जाणारे रस्ते उताराचे. कुणी उंचावर राहतो, रात्रभर बोर्ड चार्ज करतो, सकाळी निघतो आणि पहिल्याच उतारावर ब्रेक मारतो. ब्रेक मारताना मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. बॅटरीत जागा नसली तर बीएमएसला वाटतं ओव्हरचार्ज होतंय आणि तो दार बंद करतो. आता त्या विजेला जायला जागाच उरली नाही. कंट्रोलरवरचं व्होल्टेज क्षणात वर उडतं, 'ओव्हर व्होल्टेज' फॉल्ट येतो आणि ब्रेक सुटतो. नेमका उतारावर, नेमका ब्रेक मारताना.

हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं आणि याचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. बॅटरी सेलमागे ४.१ व्होल्टवर थांबवा, दहा सेलला ४१. पल्ला थोडा कमी होतो, सेलचं आयुष्यही वाढतं. आणि बीएमएसमधून फक्त चार्जिंग होऊ द्या. मोटरकडे जाणारी मोठी वायर थेट बॅटरीवरून, मध्ये योग्य फ्यूज टाकून घ्या. अशा जोडणीत सेल फार उतरण्यापासून वाचवायचं काम कंट्रोलरकडे येतं, म्हणून त्यात बॅटरी कटऑफ आठवणीने भरा. सेलमागे ३.४ व्होल्टवर सुरुवात आणि ३.१ वर पूर्ण बंद. दहा सेलला ३४ आणि ३१.

हॉलच्या वायरी

जागेवरून निघताना धडधड होते आणि वेग आला की सगळं ठीक, हे लक्षण हॉल सेन्सरचं. तीन सेन्सर आळीपाळीने चालू-बंद होतात. तिघेही एकदम चालू किंवा तिघेही एकदम बंद असं कधीच होत नाही. डिटेक्शननंतर येणाऱ्या आठ आकड्यांच्या हॉल टेबलमध्ये म्हणून पहिला आणि शेवटचा २५५ हवा. २५५ मध्येच कुठे आला तर एक सेन्सर किंवा त्याची वायर गेली. त्या बारीक वायरी जाड फेज वायरींच्या गठ्ठ्यात कोंबू नका, वेगळ्या वाटेने न्या. पावसाळ्यात पाणी शिरलेला हॉलचा छोटा कनेक्टर हिरवा पडतो, तो उघडून बघितल्याशिवाय मोटर बदलू नका.

दोन कंट्रोलर कॅन वायरीने (एकमेकांना संदेश पाठवायच्या वायरीने) जोडलेले असतील तर दोघांना वीज एकाच वेळी मिळाली पाहिजे. दोन वेगळे स्विच लावून आधी एक, मग दुसरा असं केलं की कॅनची चिप जाते.

दुरुस्ती आणि पहिली चाचणी

मॉस्फेट शॉर्ट असेल किंवा चिप जळाली असेल तर कंट्रोलर टाकून देऊ नका. डीआरव्ही ८३०२ ही छप्पन्न पायांची चिप आहे आणि तिच्या पोटाखाली उष्णता उतरवणारा पत्रा बोर्डला सोल्डर केलेला असतो. साध्या सोल्डरिंग गनने ती निघत नाही, हॉट एअर लागते. एम. जी. रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांमध्ये मदरबोर्डवर काम करणारा हात चांगला असेल तर तो हे करू शकतो. त्याला आधी सर्किटचा नकाशा दाखवा आणि मॉस्फेट तपासल्याशिवाय नुसती चिप बदलू देऊ नका. शॉर्ट मॉस्फेटवर नवी चिप पहिल्याच झटक्यात जाते.

दुरुस्त केलेल्या किंवा नव्या कंट्रोलरला पहिली वीज थेट बॅटरीतून देऊ नका. इलेक्ट्रिशियन सिरीज बोर्डवर पंखा तपासतो ना, तसंच करा. मुंबई-आग्रा रस्त्यालगत मालट्रकच्या स्पेअरच्या दुकानात २४ व्होल्टचे, २१ वॉटचे बल्ब मिळतात. दोन बल्ब एकमेकांना सिरीजमध्ये जोडून ते बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीत टाका. वीज देताच बल्ब क्षणभर पेटून विझले तर कपॅसिटर भरले आणि आत शॉर्ट नाही. पेटलेलेच राहिले तर लगेच काढा. काही जळालेलं नसेल, पुन्हा तपासायला संधी आहे. बल्ब फक्त एवढ्यापुरते. मोटर फिरवायची वेळ आली की ते काढून टाका.

मग चाकं हवेत ठेवून डिटेक्शन. त्यानंतर मोटर करंट २० अँपिअरवर ठेवून बंद आवारात, रिकाम्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर चालवा. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्यांमध्ये नको आणि वाहत्या रस्त्यावर तर नकोच. हेल्मेट घाला. दोन्ही बाजूंना मुद्दाम तीव्र वळणं घ्या, पूर्ण ब्रेक मारून बघा, खडबडीत भागावरून जा. थांबल्यावर पॉवर चालू ठेवूनच लॅपटॉप लावा आणि फॉल्ट वाचा. नोंद कोरी असेल तर करंट दहा अँपिअरने वाढवा आणि पुन्हा तेच. तुमच्या नेहमीच्या करंटपर्यंत नोंद कोरी राहिली की डब्याचं झाकण लावा, कडेने सिलिकॉन भरा, स्क्रूंना थ्रेडलॉक लावा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर मोटरच्या तोंडाशी वायरीवर बोट फिरवून कव्हर शाबूत आहे ना ते एकदा बघा.